बसून राहिली

माझ्या वडिलांनी दुःखाचं चित्र केलं, हे खरं आहे. फक्त ते दुःख आईचं होतं. अजूनही कुणी भेटलं की सांगतं, "तुमच्या बाबांनी दुःखाचं सोनं केलं हो." मी हो म्हणते. दर वेळी सगळं समजावून सांगायला मला वेळ नसतो. एकदा लिहून टाकलं की झालं.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ड्रॉइंग ऑफिसला ट्रेसर होते. इंजिनियर पेन्सिलीनं नकाशा काढत. त्यावर अर्धपारदर्शक निळसर कापड ताणून बाबा त्याच रेघा शाईनं गिरवत. स्वतःची एकही रेघ घालायची नाही, दुसऱ्याची एकही चुकवायची नाही, असं ते काम. हात अतिशय सरळ. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. तिथं शाळेत असताना बाबांनी ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या, पुढं शिकायचं राहून गेलं, आणि ती सल घेऊन ते सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये राहायला आले. क्वार्टरचा व्हरांडा पश्चिमेकडे तोंड करून होता. संध्याकाळी भोंगा झाला की बाबा सायकलवरून येत, हातपाय धुवत आणि व्हरांड्यात रंग काढून बसत. देवळं, बैलबंडी, तलाव. लोक पाहत, "छान आहे" म्हणत आणि चहा पिऊन जात.

ते ट्रेसिंगचं कापड खराब झालं की ऑफिसात फेकून देत. ट्रेसरांच्या घरी मात्र ते फेकत नसत. गरम पाण्यात भिजवून खळ काढली की आतून इतकं मऊ मलमल निघायचं की बाजारात तसं मिळत नसे. आमचे सगळे रुमाल त्याचेच. आणि धाकटी बहीण झाली तेव्हा आईनं तिची सगळी झबली त्याच कापडाची शिवली. शाई पूर्ण जात नसे. त्यामुळे बाळाच्या पोटावर कधी भट्टीचा एखादा कोपरा दिसे, कधी पाठीवर पाइपची वळणं. समोरच्या काकू म्हणायच्या, "पोरगी चालाले लागली का सरळ ड्युटीवरच जाईन वो."

ती चालायला लागली नाही. उन्हाळ्यात ताप आला आणि वर्षाची व्हायच्या आत गेली. यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही. आईसुद्धा कधी बोलली नाही.

त्यानंतर घर पाहुण्यांनी भरलं. आजी, दोन्ही मामा, आत्या, कुणाकुणाची मुलं. मूल कुणाचं गेलं हे त्या गर्दीत कुणाला आठवत नसावं, कारण स्वयंपाक आईच करत होती. सगळे गाडीला बसून गेले त्या दिवशी दुपारी तिनं घर धुऊन काढलं, अंथरुणं उन्हात घातली, झबल्यांचं बोचकं बांधलं आणि खुर्सीपारच्या वस्तीतल्या एका बाईला देऊन टाकलं. तिच्या नवऱ्याला ठेकेदाराकडे काम होतं आणि तिला नुकतंच बाळ झालं होतं. मग परत येऊन, फिक्या हिरव्या साडीचा विटकरी काठ गुडघ्यापर्यंत ओढून, ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. कितीतरी दिवसांनी मी तिला बसलेली पाहत होते.

समोरच्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली, "काय करून राहिल्या वो बाई?"

"काही नाही वो," आई म्हणाली. "बसून राहिली."

बाबा दारातच उभे होते. त्यांनी आतून कागद आणला आणि तिला न सांगता काढायला घेतलं.

पुढचं कळायला आमची बोली कळायला हवी. पुण्या-मुंबईची बाई म्हणेल, "मी बसले आहे." आम्ही म्हणतो, "मी बसून राहिली." अर्थ तोच. जेवून राहिली म्हणजे जेवते आहे. धुणं धुऊन राहिली म्हणजे धुते आहे. त्यात थांबणं नाही, साचणं नाही, जन्मभराचं तर काहीच नाही. आणि आमच्याकडे बाई स्वतःबद्दल बोलतानाही "राहिली" म्हणते, "राहिले" नाही. तेव्हा आईच्या त्या वाक्यात "मी" होती. मी आत्ता जरा बसले आहे, एवढंच ती म्हणाली.

बाबांनी त्या कागदावरून मोठं तैलचित्र केलं. आई पायरीवर, मागं प्लांटच्या चिमण्यांचा धूर, आकाश तांबूस. आणि तिच्या मांडीवर त्यांनी एक झबलं काढलं. झबल्यावर भट्टीच्या पुसट रेघा. ते झबलं त्या दिवशी तिच्या मांडीवर नव्हतं, ते खुर्सीपारला कुणाच्या तरी अंगावर होतं. चित्राला नाव दिलं, "बसून राहिली". बाबांना दुःख झालं नाही असं मी म्हणत नाही. झालं असेल. पण त्या चित्रात बाबा कुठंच नाहीत, आणि नंतरच्याही एकाही चित्रात नाहीत.

त्या वर्षी गणपतीत मराठी मंडळींनी हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन लावलं आणि व्याख्यानाला पुण्याहून एक समीक्षक बोलावले. गृहस्थ सभ्य होते, आवाज फार चांगला होता. ते बाबांच्या चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले की मागं चहाचे कप घेऊन उभी असलेली पोरं कंटाळली. मग माइकवर ते म्हणाले,

"चित्रकारानं 'बसली' म्हटलेलं नाही. 'बसली आहे' असंही म्हटलेलं नाही. 'बसून राहिली'! दिवस उठून गेले, माणसं उठून गेली, सगळं जग उठून गेलं. आणि ही आई, ही बसून राहिली. दोन शब्दांत चित्रकारानं तिचं उरलेलं आयुष्य सांगितलं आहे."

हॉलमधली बहुतेक माणसं नागपूर-भंडाऱ्याकडची. घरी रोज "आंघोळ करून राहिलो", "भाजी चिरून राहिली" म्हणणारी. त्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. उलट माना डोलल्या. पाहुण्याला चुकीचं म्हणायचं म्हणजे आपली बोली चारचौघांत काढून दाखवायची. ती लाज आम्हाला फार. फक्त मागच्या रांगेतून एक पोरगा दबक्या आवाजात बोलला, "मंग माया बुडा रोज सकायी बसून राह्यते, त्याचा बी काढा म्हना फोटू." त्याच्या आसपासचे फिदीफिदी हसले. पुढच्या रांगांनी वळून डोळे वटारले.

पाहुण्यांनी बाबांना विचारलं, "हेच मनात होतं ना तुमच्या?"

बाबांना सगळं कळत होतं. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी हात जोडले आणि छापील मराठीत म्हणाले, "आपण अगदी बरोबर ओळखलंत."

आई बायकांमध्ये बसली होती. सगळ्या बायका वळून तिच्याकडे पाहू लागल्या.

घरी येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. आई म्हणाली, "तुमी सांगतलं कावून नाही त्याइले?"

"काय सांगायचं?"

"का मी नुसती बसून राहिली होती म्हनून. पाय दुखून राहिले होते माये."

"तुले नाही समजत. कलेत असाच अर्थ काढतात."

"मंग सोताचा काढा म्हना. माया कायले काढता?"

बाबा सायकल ढकलत राहिले. ते खुशीत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या चित्रासमोर चहा न पिता उभं राहिलं होतं.

तिथून गंमत अशी झाली की समीक्षकांनी जे चुकीचं वाचलं, ते बाबांनी खरं करून दाखवलं. आई खरोखर बसून राहिली. भोपाळला प्रदर्शनात चित्र गेलं, त्याला बक्षीस मिळालं, आणि तिकडून आणखी चित्रांची मागणी आली. बाबा रोज संध्याकाळी आले की म्हणत, "ती साडी नेस." तीच फिकी हिरवी, विटकरी काठाची. आणि आई पायरीवर. कधी समोरून, कधी बाजूनं, कधी पाठमोरी. "मान खाली. अजून थोडी. डोळे तिकडं." सूर्य चिमण्यांच्या मागं जाईपर्यंत. पोळ्या त्यानंतर. आम्ही जेवायला उशिरा बसायचो आणि आई म्हणायची, "आज दुःखाले जरा वेळ लागला."

हे ती फक्त माझ्याशी बोलायची. बाहेर तिला असं काही बोलायची सोय उरली नव्हती. लोक चित्र पाहायला घरी येत आणि चित्राआधी तिला पाहत. आवाज खाली आणत. "तुम्हीच ना त्या?" एकदा एका साहेबांच्या बायकोनं तिचा हात हातात घेऊन डोळे पुसले. आईच्या हाताला कांद्याचा वास येत होता, म्हणूनही पुसले असतील.

एकदा आम्ही दोघी रुआबांध्याच्या बाजारात गेलो होतो. भाजीवाला आणि त्याची बायको एका भोपळ्यावरून भांडत होते. तो म्हणाला भोपळा पिकलाय, ती म्हणाली, तूही पिकलायस, तुला कोण घेतंय. आई खळखळून हसली. शेजारी ओळखीतली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "हसून राहिल्या वो बाई! बरं वाटलं पाहून." म्हणायची पद्धत अशी, की ही बातमी आता सेक्टरभर जाणार. आईचं हसू तिथंच थांबलं. घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाली, "आता हसाले बी पास काढा लागते का?" प्लांटच्या गेटवर पास लागे, तसा.

बाळ गेल्यापासून आईनं शिवणाच्या मशीनला हात लावला नव्हता. तिच्यावर चादर टाकली होती आणि चादरीवर मी शाळेचं दप्तर ठेवायचे. पण एका दिवाळीनंतर मी पाहिलं, दप्तर खाली होतं आणि आई मशीनला तेल देत होती. सेक्टरातल्या क्लबात बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघाला होता. ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे गणवेश. समोरच्या काकूंनी नाव दिलं होतं. आईला जायचं होतं. मला ती तसं म्हणाली नाही, पण जुन्या वर्तमानपत्राचे ब्लाउज कापून पाहत होती. वर्ग संध्याकाळचा होता.

तिनं बाबांना विचारलं तेव्हा ते ब्रश पुसत होते.

"वर्गाले जाईन म्हन्ते मी. संध्याकाळचा हाये."

"संध्याकाळीच कावून?"

"बाया तवाच मोकळ्या असतात."

"संध्याकाळचाच तर उजेड आहे," बाबा म्हणाले.

"उजेड काय माया एकटीवरच पडते?"

बाबांनी ब्रश पुसायचं थांबवलं नाही. पुसून झाल्यावर त्यांनी तो कपात उभा केला आणि विचारलं, "म्हणजे संपलं तुझं?"

"काय?"

"दुःख."

मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, नेहमीसारखाच, फोडणी देताना बोलावं तसा. "माया लेकराचं मी पाहून घेईन. तुमी तुमचं पाहा."

मला वाटलं, आता ती जाईल. पण बाबा दुसऱ्या दिवशी नरमाईनं म्हणाले, भोपाळचं एवढं मोठं चित्र होऊ दे, मग जा. ती थांबली. ते झालं. मग म्हणाले, जबलपूरहून विचारणा आहे. थंडी तशीच गेली. काकूंचे दोन फ्रॉक शिवून झाले आणि त्यांनी ते आईला दाखवायला आणले. आईनं उलटे करून शिवण पाहिली आणि म्हणाली, "काखेत ओढून राहिलं वो. उसवा." काकू म्हणाल्या, "मंग या नं सोता शिकवाले." आई फ्रॉकची घडी घालत राहिली.

मार्चमध्ये एका दुपारी बर्तनवाली आली. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची भांडी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. कपडे द्यायचे, भांडं घ्यायचं. आमच्या प्लांटचं पोलाद रुळांचं. भांड्यांचं स्टील आमच्याकडे असं टोपलीतून यायचं. आईनं तिला व्हरांड्यात बसवलं. बाबांच्या दोन जुन्या पँटी काढल्या, माझा आखूड झालेला फ्रॉक काढला. बर्तनवालीनं एक वाटी पुढं केली. आई आत गेली आणि ती हिरवी साडी घेऊन आली.

बर्तनवालीनं साडी उन्हाकडे धरली आणि तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "काठ फाटे हे दाई. एखर कटोरीच मिलही."

"कटोरी रख तेरे पास. वो बड़ा गंज निकाल," आई म्हणाली. गंज म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं. "मालूम है, इस साड़ी का फोटो भोपाल में टंगा है?"

"त ओ फोटू ल दे दे दाई," बर्तनवाली म्हणाली, "ओखर परात देहूं."

आई हसली. बाजारात हसली होती तशी, मोठ्यानं, आणि या वेळी कुणाकडे न बघता. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी साडी, पँटी, फ्रॉक आणि एक उसवलेली उशीची खोळ असं सगळं गेलं आणि गंज आला. आईनं तो राखेनं घासला, पाण्यानं भरून गळतो का पाहिला आणि त्यात तुरीची डाळ शिजत टाकली.

संध्याकाळी बाबा आले. हातपाय धुतले, चित्राचा घोडा उभा केला, रंग काढले. "साडी नेसली नाही अजून?"

"देली."

"कोणाले?"

"बर्तनवालीले."

बाबांना आधी ते कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा बाळ गेलं तेव्हाही झालेला मी पाहिला नव्हता. "काय केलं तू हे?" ते म्हणाले. "ती साडी... कुठं आहे ती?"

"गंजात पाहा," आई म्हणाली. "वरन शिजून राहिलं त्यात."

तिनं कात्री आणि टेप पिशवीत टाकली, मला गॅस बारीक करायला सांगितलं आणि पायऱ्या उतरून गेली. काकू त्यांच्या फाटकात उभ्या होत्या. त्यांनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "कुठं चालल्या वो बाई?"

"वर्गाले जाऊन राहिली," आई म्हणाली.

याचा अर्थ पुण्याच्या पाहुण्यांनी कसा लावला असता, कोण जाणे.

बाबांनी पुढं दुसऱ्या साड्या आणल्या, पण आई पुन्हा पायरीवर बसली नाही. ते आठवणीनं काढत राहिले. लोक म्हणत, आधीच्यांत जे होतं ते यांत नाही. आल्यागेल्याला बाबा सांगत, "हिनं माझं चित्र वरणात शिजवलं." लोक हसत. बाबा विनोदानं सांगत नव्हते. शेवटच्या आजारातही त्यांनी ते एकदा मला सांगितलं. मी त्यांना औषध दिलं आणि कुशीवर वळवलं.

ते गेल्यावर काही वर्षांनी नोकरीच्या प्रशिक्षणासाठी मी भोपाळला गेले. छत्तीसगड अजून वेगळं झालं नव्हतं, आमची राजधानी भोपाळच होती. कामातून वेळ काढून ते चित्र पाहायला गेले. एका सरकारी इमारतीच्या जिन्यापाशी ते लागलेलं होतं. काचेवर धूळ होती. आई तशीच, मान खाली, मांडीवर नसलेलं झबलं. खाली पितळी पट्टीवर बाबांचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि चित्राचं नाव कुणीतरी हिंदीत करून घातलेलं. पट्टीवर आईचा उल्लेख नव्हता. असायचं कारणही नव्हतं.

परत आले तेव्हा आई मशीनवर होती. रुआबांध्याच्या एका शाळेचे गणवेश शिवत होती. दोन्ही बाजूंना निळ्या कापडाचे ढीग, तोंडात टाचण्या. मी म्हटलं, "चित्र पाहिलं. नाव हिंदीत लिहिलंय."

तिनं टाचण्या हातावर काढल्या. "काय लिवलं?"

"वह बैठी रह गई."

आईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोन?" ती म्हणाली, आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.